उन्हाची सवय तिथे कामाला येत नाही

थायलंड, बाली, श्रीलंका किंवा व्हिएतनामचा बेत ठरला की लातूर-नांदेडकडच्या घरांत एक वाक्य हमखास ऐकू येतं: ‘आपल्याला काय ऊन नवं आहे?’ युरोपला जायचं असेल तर हीच माणसं महिनाभर आधीपासून थर्मल, लोकरीचे मोजे, कानटोप्या जमवतात. उष्ण देशाला निघताना मात्र पासपोर्ट, तिकीट आणि चिवड्याचा डबा एवढ्यावर तयारी संपते. तिथलं ऊन आपल्यासारखं, पाऊस आपल्यासारखा, डासही आपल्यासारखेच, मग नियोजन कशाचं करायचं, असा हा युक्तिवाद आहे. तो सोयीचा आहे आणि मला तो मुळापासून चुकीचा वाटतो. त्याच्यापायी म्हाताऱ्या आईवडिलांची तब्येत बिघडते, वर्षानुवर्षांच्या बचतीतून काढलेली सहल हॉटेलच्या खिडकीतून पाऊस बघण्यात जाते, आणि एका बाबतीत तर आपल्या भागातल्या शेतीलाच धोका पोचतो. म्हणून त्याला सविस्तर उत्तर द्यायला हवं.

पहिल्यांदा उन्हाचंच बघू. भूगोलाच्या हिशेबाने हा युक्तिवाद करणारे अगदीच खोटं बोलत नाहीत. कर्कवृत्त साडेतेवीस अंशांवर आहे. नांदेड एकोणीस अंशांच्या जरा वर, लातूर साडेअठराच्या आसपास. म्हणजे आपण स्वतःच उष्णकटिबंधात राहतो. एप्रिल-मे महिन्यांत नांदेडचा पारा बेचाळीस-त्रेचाळीसला सहज जातो आणि त्याच दिवसांत बँकॉक पस्तीस-छत्तीसवर असतं. आकडे शेजारी ठेवले की वाटतं, आपण तर थंड हवेच्या ठिकाणी चाललो आहोत.

फसगत इथेच होते. आपल्या उन्हाळ्यातली दुपार कोरडी असते. घाम येतो आणि क्षणात उडून जातो, उडताना अंगातली उष्णता घेऊन जातो. म्हणून तर लातूरच्या घरात वाळ्याच्या जाळीचा कूलर चालतो, म्हणून रांजणातलं पाणी गार होतं. पाण्याने हवेत उडून जाणं हीच आपल्या उन्हाळ्यातली सगळी सोय आहे. कोलंबोत किंवा बँकॉकमध्ये हवा आधीच बाष्पाने भरलेली असते, तिच्यात घाम मुरायला जागा उरत नाही. तो अंगावरून नुसता निथळतो, कपडे भिजवतो, पण शरीर गार करत नाही. हवामानशास्त्रात यासाठी ओल्या फडक्याचं तापमान मोजतात: थर्मामीटरच्या टोकाला ओलं फडकं गुंडाळून जो आकडा येतो तो. बेचाळीस अंश तापमान आणि वीस टक्के आर्द्रता असलेल्या आपल्याकडच्या दुपारी हा आकडा साधारण चोवीस निघतो. चौतीस अंश आणि पंचाहत्तर टक्के आर्द्रता असेल तर तो तीसच्या घरात जातो. म्हणजे पारा आठ अंशांनी उतरलेला असताना शरीराची घाम सुकवून गार होण्याची सोय मात्र सहा अंशांनी कमी झालेली असते. हा आकडा पस्तीसला पोचला तर धडधाकट माणसाचं शरीरही स्वतःला गार ठेवू शकत नाही, ही त्याची सैद्धांतिक मर्यादा मानली जाते. तीस म्हणजे त्या मर्यादेच्या वाटेवरचा बराच पुढचा टप्पा.

आता याच हवेत सत्तरीच्या आजोबांना सकाळी मंदिर, दुपारी बाजार, संध्याकाळी बोट असा दिवसभर फिरवायचं. रक्तदाबाच्या अनेक गोळ्यांत लघवी वाढवणारं औषध असतं, त्याने अंगातलं पाणी आणि मीठ आधीच कमी होत असतं. ‘आजोबा तर शेतात काम केलेले आहेत’ हे उत्तर इथे लागू पडत नाही, कारण त्यांचं शरीर ज्या हवेत घडलं ती ही हवा नाही. दमट उष्णतेला सरावायला शरीराला आठवडा ते दोन आठवडे लागतात आणि आपली सहल असते पाच रात्री, सहा दिवसांची. त्यामुळे पहिले दोन दिवस दुपारी बाराच्या पुढे फिरणं ठेवू नका, क्षारसंजीवनीच्या पुड्या घरूनच न्या, आणि निघण्याआधी गोळ्यांबद्दल घरच्या डॉक्टरांना विचारा. याला कोणी भित्रेपणा म्हणणार असेल तर म्हणो.

दुसरा गैरसमज पावसाचा आहे आणि माझ्या मते पैशाचं सगळ्यात मोठं नुकसान तोच करतो. मृग लागला की पाऊस, दसऱ्यापर्यंत तो संपला, पुढे आठ महिने कोरडे, हे आपल्या डोक्यात इतकं पक्कं बसलंय की जगभर असंच असतं असं आपण धरून चालतो. त्यामुळे सहलीला आपल्याला दोनच मुहूर्त माहीत आहेत: दिवाळीची सुट्टी आणि मे महिना.

दिवाळीचं घ्या. अलीकडे व्हिएतनाम लोकांच्या तोंडी आहे. दा नांग, होई आन, ह्युए ही नावं आता आपल्याकडेही ओळखीची झाली. पण मध्य व्हिएतनामचा मुख्य पावसाळा सप्टेंबर ते डिसेंबर असतो आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर हे त्यातले सर्वांत जोराचे महिने. 2020 च्या ऑक्टोबरात तिथे पूर आणि दरडींनी शंभराहून अधिक माणसं दगावली. लातूरला वर्षभरात आठशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. ह्युए शहरावर वर्षाला त्याच्या तिपटीहून जास्त कोसळतो आणि त्यातला बहुतेक या तीन-चार महिन्यांतच. त्याच दिवाळीत त्याच देशाच्या उत्तरेला, हनोईकडे, हवा सुरेख असते. देश एक, पण पावसाची कॅलेंडरं वेगळी.

थायलंडचंही तसंच आहे. पश्चिमेच्या अंदमान समुद्राकडचं फुकेत मे ते ऑक्टोबर आपल्यासारख्याच नैऋत्य मोसमी वाऱ्यात भिजतं. पूर्वेकडच्या आखातातलं को समुई मात्र ऑक्टोबर ते डिसेंबर. दोन्हीकडे समुद्रकिनारा, दोन्हीकडे नारळाची झाडं, पण नोव्हेंबरात एकीकडे जावं आणि दुसरीकडे जाऊ नये. श्रीलंकेत हा भेद त्याहून स्पष्ट आहे. कोलंबो, गॉल, बेंटोटा या नैऋत्य किनाऱ्यावर मे ते सप्टेंबर पाऊस, तर त्रिंकोमालीच्या बाजूला डिसेंबर ते फेब्रुवारी. ऑक्टोबर-नोव्हेंबरात तर दोन मोसमांच्या मधला पाऊस देशभर होतो. आपण मुलांच्या परीक्षा संपल्या म्हणून मेअखेर कोलंबोला जातो, म्हणजे नेमके पहिल्या पावसात. 2017 च्या मे महिन्यात याच काळात तिथल्या पुरांनी आणि भूस्खलनांनी दोनशेहून अधिक बळी घेतले. बाली विषुववृत्ताच्या खाली आहे, तिथे नोव्हेंबर ते मार्च पाऊस असतो. नाताळच्या सुट्टीत जाणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. केनियाचा मोठा पाऊस मार्च ते मे, म्हणजे पुन्हा आपल्या उन्हाळी सुट्टीत.

बालीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट सांगतो, कारण ती आपल्या दिनदर्शिकेशी जोडलेली आहे. बालीतले हिंदू आपल्यासारखंच शक मोजतात, इसवी सन 78 पासूनचं. त्यांचं नववर्ष म्हणजे न्येपी. त्या दिवशी बेटावर चोवीस तास कोणी घराबाहेर पडत नाही, दिवे लावत नाही, विमानतळही बंद असतो. पर्यटकानेही हॉटेलच्या आवारातच राहायचं. 2025 साली न्येपी 29 मार्चला होतं आणि आपला पाडवा 30 ला. 2026 मध्ये दोन्ही 19 मार्चलाच आले. दरवर्षी असं जुळत नाही, अधिक मासाच्या फरकाने कधी महिनाभराचं अंतर पडतं. पण पाडव्याला जोडून सुट्टी काढणाऱ्याने ही तारीख आधी बघितलीच पाहिजे.

आपल्याकडचा शेतकरी पंचाहत्तर ते शंभर मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय सोयाबीनची मूठ धरत नाही. कृषी विभाग तेच सांगतो आणि दुबार पेरणीचा चटका बसलेल्या प्रत्येकाला ते पटलेलं असतं. एकरी काही हजारांच्या बियाण्यासाठी आभाळाकडे आणि हवामान खात्याकडे इतकं बारकाईने बघणारं घर लाख-दीड लाखाची सहल ठरवताना तिथला पाऊस बघतच नाही. नियोजन आपल्या स्वभावात नाही असं जे म्हणतात, त्यांना माझं हेच उत्तर आहे. ते आपल्या हाडीमाशी आहे; ते इथे का वापरायचं नाही एवढंच त्यांनी सांगावं.

या सहलींतला एक प्रकार आपल्या दोन्ही जिल्ह्यांत विशेष आहे. बियाणं, खतं, औषधं, सिमेंट, पाइप, मोटारी विकणाऱ्या दुकानदारांना कंपन्या टार्गेट पूर्ण केलं की परदेशात नेतात. मोंढ्यातल्या आणि तालुक्याच्या गावातल्या कितीतरी कृषी सेवा केंद्रवाल्यांचा पहिला परदेश प्रवास अशा स्कीमच्या टूरनेच झालेला असतो. त्यात कमीपणा काही नाही, कष्टाने मिळवलेलं ते फळ आहे. पण तारीख ठरते स्कीमच्या हिशेबाने, आणि हॉटेलं स्वस्त मिळतात ती तिथल्या पावसाळ्यात. दुकानदाराला वाटतं, फुकट आहे, विचारायचं काय? माझं म्हणणं उलट आहे. ते फुकट नाही, त्याने आपल्या विक्रीतून त्याची किंमत मोजलेली आहे, म्हणून कोणता किनारा, कोणता महिना, विम्याची रक्कम किती, हे विचारायचा त्याला पूर्ण हक्क आहे. चार डीलरांनी मिळून विचारलं तर तारीख बदलूही शकते.

या टूरमधला खरा धोका समुद्राचा आहे. आपली माणसं विहिरीत, मांजऱ्यात, गोदावरीत पोहायला शिकलेली असतात. विष्णुपुरीच्या पाण्यात हात मारणाऱ्याला आपल्याला पोहता येतं याची खात्री असते, आणि ती खात्री समुद्रात घात करते. मे ते ऑक्टोबर फुकेतच्या किनाऱ्यांवर लाल झेंडे लावलेले असतात ते उगाच नव्हे. लाटांनी किनाऱ्यावर आणलेलं पाणी एका अरुंद पट्ट्यातून परत आत धावतं आणि त्या पट्ट्यात सापडलेला माणूस कंबरभर पाण्यातूनही खोल ओढला जातो. वरून तो पट्टा शांत दिसतो, लाट फुटत नाही, म्हणून अनोळखी माणूस नेमका तिथेच उतरतो. अशा ओढीत किनाऱ्याकडे पोहायची झटापट करायची नसते. किनाऱ्याला समांतर बाजूला सरकायचं, पट्ट्यातून बाहेर पडायचं आणि मग परत यायचं. दमलात तर नुसतं तरंगत राहून हात वर करायचा. हे दोन मिनिटांत सांगून होतं. ते गाडीत बसल्यावर कोणीतरी सांगायला हवं, आणि रात्री प्यायल्यावर पाण्यात उतरणाऱ्याला मित्रांनी धरून ठेवायला हवं.

डासांबद्दलचा युक्तिवाद तर उघड धोकादायक आहे. ‘डेंग्यू नांदेडातही आहे, आपल्याला काय होतंय?’ डेंग्यूच्या विषाणूचे चार प्रकार आहेत. एकदा झाला की त्या एका प्रकारापासून दीर्घकाळ संरक्षण मिळतं, बाकीच्या तिघांपासून नाही. उलट दुसऱ्या प्रकाराची लागण झाली तर आजार गंभीर होण्याची शक्यता वाढते. म्हणजे ज्याला इथे एकदा डेंग्यू होऊन गेलाय त्याने तिथे जास्त सांभाळायचं. हा डास दिवसा चावतो, सकाळी आणि दिवस मावळायच्या आधी. रात्रीच्या मच्छरदाणीचा त्याच्यावर उपयोग नाही. पूर्ण बाह्यांचे सुती कपडे आणि अंगाला लावायचं औषध, एवढंच हाती आहे. परतल्यावर दोन आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरांना कुठून आलो ते सांगा, आणि त्यांनी सांगेपर्यंत पॅरासिटामॉलखेरीज अंगदुखीची कुठलीही गोळी घेऊ नका. अॅस्पिरिन आणि आयबुप्रोफेनने डेंग्यूत रक्तस्राव वाढू शकतो.

सगळे उष्ण देश एकाच पोत्यात घालायची सवयही मोडायला हवी. श्रीलंकेला जागतिक आरोग्य संघटनेने 2016 साली मलेरियामुक्त जाहीर केलं. आता तिथे मलेरिया पोचलाच तर तो आपल्यासारख्या देशांतून जाणाऱ्यांबरोबर पोचेल. केनिया-युगांडात मात्र मलेरियाचा जीवघेणा प्रकार आहे, त्याच्या प्रतिबंधक गोळ्या निघण्याआधीच सुरू कराव्या लागतात. पीतज्वराची लसही याच देशांसाठी लागते. ती प्रत्येक जिल्ह्याच्या दवाखान्यात मिळत नाही, सरकारने नेमलेल्या केंद्रांतच मिळते, आणि तिचा दाखला दहा दिवसांनंतर लागू होतो. एकदा घेतली की आता आयुष्यभर चालते. तो दाखला नसेल तर परत येताना आपलंच सरकार विमानतळावरून सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतं. भारतात पीतज्वर नाही, पण तो पसरवणारा डास घरोघरी आहे, म्हणून ही सक्ती आहे आणि ती योग्य आहे. निघायच्या आठवड्यात लसीची चौकशी करणाऱ्याला कोणीही मदत करू शकत नाही.

यावर पुढचं उत्तर ठरलेलं असतं: ‘पॅकेजमध्ये सगळं येतं, एजंट बघून घेतो.’ चांगला एजंट पुष्कळ बघतो, हे मला मान्य आहे. पण तो तुमचा मधुमेह बघत नाही. पॅकेजमधल्या विम्यात आधीपासून असलेले आजार बहुतेकदा वगळलेले असतात. थायलंडात स्कूटर भाड्याने घेऊन पडलात आणि आंतरराष्ट्रीय वाहन परवाना नसेल, तर विमा कंपनी हात झटकते. तो परवाना आपल्याच आरटीओत मिळतो, एम एच 24 असो की 26, वर्षभर चालतो. मात्र मूळ लायसन फक्त चारचाकीचं असेल तर त्यावर दुचाकी चालवता येत नाही. थायलंडने 1 मे 2025 पासून आगमनाचं डिजिटल कार्ड सक्तीचं केलंय. ते पोचण्याआधीच्या तीन दिवसांत भरायचं, त्याला पैसे पडत नाहीत, तरी त्याच्या नावाने पैसे उकळणाऱ्या जागा इंटरनेटवर आहेत. पासपोर्टची मुदत सहा महिन्यांहून जास्त उरलेली असावी, हे तर तिकिटाआधी बघायचं.

एजंट तुमचा डबाही उघडून बघत नाही. सिंगापूरला निघालेल्या घरात लाडू होतात आणि त्यात खसखस पडते. सिंगापूरमध्ये खसखस निषिद्ध वस्तूंत मोडते, कारण ती अफूच्या झाडाची. खायची तंबाखू आणि गुटखाही तिथे बंद आहे. ज्यांच्या खिशात पुडी आणि चुना कायम असतो त्यांनी तो खिसा घरीच रिकामा करावा. कायदा माहीत नव्हता हे तिथे कारण होत नाही.

एक छोटी गोष्ट सांगतो, वाद त्यात काही नाही. लातूर-नांदेडची माणसं सवयीने मुंबई गाठतात, रात्रभर गाडीत, मग विमानतळावर ताटकळत. हैदराबाद दोन्हीकडून तीनशे किलोमीटरच्या आत आहे आणि तिथून बँकॉक, सिंगापूर, क्वालालंपूरला थेट विमानं आहेत. म्हाताऱ्या माणसांची एक रात्र वाचते.

आता शेतीकडे येतो, कारण तिथे ‘आमची सहल, आमचा प्रश्न’ हे म्हणणं टिकत नाही. अर्धापूर, मुदखेड, बारड हा केळीचा पट्टा आहे. गोदावरीच्या आणि इसापूरच्या पाण्यावर इथल्या कुटुंबांनी केळी उभी केली. आता बहुतेक बागा ऊतिसंवर्धित ग्रँड नैन, म्हणजे जी-नाइनच्या आहेत आणि ती कॅव्हेंडिश गटातली जात आहे. पनामा मर रोगाच्या जुन्या प्रकाराने विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत जगातली ग्रो मिशेल ही निर्यातीची केळी संपवली. त्या रोगाला दाद न देणारी म्हणून कॅव्हेंडिश आली. पुढे याच बुरशीचा ट्रॉपिकल रेस 4 हा प्रकार आला आणि तो कॅव्हेंडिशलाही मारतो. नव्वदच्या दशकात त्याने इंडोनेशिया-मलेशियातल्या कॅव्हेंडिशच्या बागा उद्ध्वस्त केल्या. फिलिपिन्सच्या मिंडानाओत तो आहे, व्हिएतनाममध्ये आहे, 2019 मध्ये कोलंबियात सापडला. भारतात तो बिहार आणि उत्तर प्रदेशात पोचलाच आहे. त्याच्यावर फवारणीचा इलाज नाही. बुरशीचे बीजाणू जमिनीत दशकानुदशकं जिवंत राहतात, त्या शेतात पुन्हा कॅव्हेंडिश घेता येत नाही.

हा रोग फिरतो तो कंदांबरोबर, पाण्याबरोबर, अवजारांबरोबर आणि बुटाच्या तळव्याला चिकटलेल्या मातीबरोबर. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमध्ये 2015 साली तो सापडल्यावर बागांच्या दारात जंतुनाशकाचे हौद बांधले गेले, बाहेरचे बूट आत जाईनात. आपल्याकडून मात्र पर्यटनाला गेलेला केळीवाला हौसेने त्या-त्या देशातली बाग बघायला जातो, चिखलातून फिरतो, तेच बूट पिशवीत घालून परततो आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच्या बागेत पाणी द्यायला जातो. कोणी फळाची कलमं, कोणी वेगळ्या जातीचा केळीचा कोंब ओल्या फडक्यात गुंडाळून आणतो. 2003 च्या वनस्पती विलगीकरण आदेशाप्रमाणे परवाना आणि आरोग्य प्रमाणपत्राशिवाय असं काहीही आणणं बेकायदा आहे. त्यातून एका बागेचं नुकसान झालं तर ते शेजारच्या बांधावर थांबणार नाही. ‘एका कोंबाने काय होतंय’ म्हणणाऱ्याने ज्याच्या शेतातून आपलं पाट-पाणी पुढे जातं त्या भावकीला आधी विचारावं.

राज्याच्या कृषी विभागाचे शेतकऱ्यांसाठी परदेश अभ्यास दौरे असतात आणि त्यांच्या यादीत मलेशिया, व्हिएतनाम, फिलिपिन्स हे देशही आले आहेत. ते दौरे व्हावेत, आपल्या भागातल्या शेतकऱ्याने हे देश जरूर बघावेत. आपल्यासारख्या हवेत तिथला माणूस काय पिकवतो हे युरोपपेक्षा तिथेच जास्त शिकायला मिळेल. पण केळी उत्पादक जात असेल तर बागेत उतरायला वेगळे बूट हवेत आणि ते तिथेच सोडून यायला हवेत, कपडे परतताच गरम पाण्यात धुवायला हवेत, माती किंवा रोपं आणायची नाहीत, आणि परतल्यावर काही दिवस स्वतःच्या बागेत पाऊल टाकायचं नाही. दौऱ्याला नाव देण्याआधी या सूचना लेखी मागून घ्या, आणि त्या मिळाल्या नाहीत तर तालुका कृषी अधिकाऱ्याकडे जाऊन का नाहीत ते विचारा.